दोन भाषांतल्या बाई

आमच्या कोरियनच्या बाई इंग्रजीत बोलायला लागल्या की त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटायचं, आणि कोरियनमध्ये बोलायला लागल्या की वर्गाच्या खिडकीतून उडी मारावीशी वाटायची. यातल्या खऱ्या बाई कुठल्या, हे मला इंग्लंडात, लेस्टरमधल्या सबंध वर्षात कळलं नाही. आता कळलंय असंही म्हणवत नाही.

पहिल्या दिवशी त्या मला विद्यापीठाच्या दारातच भेटल्या. साठी उलटलेली, बुटकी, केस पुरुषासारखे कापलेले, आणि कोटावरून चढवलेलं पिवळंजर्द चमकपट्ट्यांचं जॅकेट. रस्ता खणणारी माणसं घालतात तसलं. मला वाटलं, सिक्युरिटीच्या असणार. मी खोली कुठे आहे म्हणून विचारलं.

"अप द स्टेअर्स, मी डक," त्या म्हणाल्या आणि माझी बॅग उचलून जिना चढायला लागल्या.

मी चक्रावले. मी डक? ही बाई चक्क मराठीत स्वतःला बदक म्हणवून घेतेय? मग कळलं की लेस्टरकडे लाडाने कुणालाही 'माझ्या बदका' म्हणतात, आणि 'माय'चा उच्चार तिथे 'मी' होतो. दुकानदार म्हणतात, बसचे ड्रायव्हर म्हणतात. बाईही म्हणायच्या, त्याच हेलात.

जिना चढेपर्यंत त्यांनी माझा प्रवास कसा झाला, थंडी वाजतेय का, आई फोनवर रडली का, सगळं विचारून घेतलं. मग वर्गात शिरल्या, टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि चेहऱ्यावरचं हसू दिवा मालवावा तसं गेलं.

"उशीर," त्या कोरियनमध्ये म्हणाल्या.

उशीर माझ्याबरोबर त्यांनाही झाला होता, पण तो विषय नव्हता. मी घाईघाईने माफी मागायला गेले. कोरियनमध्ये 'साग्वा' म्हणजे माफी, आणि 'साग्वा' म्हणजेच सफरचंद. त्यापुढचं क्रियापद चुकलं की अर्थ बदलतो. माझं चुकलं. मी नम्रपणे मान झुकवून म्हणाले, "मला सफरचंद द्या."

बाईंनी जिभेने 'च्च' असा आवाज काढला. मग पिशवीत हात घालून खरोखरच एक सफरचंद काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि शिकवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मी साग्वा. आमच्या वर्गात कुणालाच नावाने हाक नव्हती, ज्याची जी पहिली चूक ते त्याचं नाव. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका गोऱ्या मुलाला 'माझे वडील डॉक्टर आहेत' म्हणायचं होतं, तो 'माझे वडील खुर्ची आहेत' म्हणाला, आणि तेव्हापासून तो खुर्ची झाला.

तो 'च्च' मात्र मी जन्मात विसरणार नाही. चूक झाली की तोंड वाकडं न करता, पुस्तकातून मान वर न काढता, नुसता तो आवाज यायचा. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण यांवर भागतं. कोरियनमध्ये कुणाशी बोलतोय, कुणाबद्दल बोलतोय आणि कोण ऐकतंय, यावर क्रियापदाची शेपूट बदलते. म्हाताऱ्या माणसाच्या जेवण्याला, झोपण्याला, मरण्यालासुद्धा वेगळे शब्द. त्यातला एक हुकला की 'च्च'.

आणि बरोबर आलं तर? तर 'द्वेत्ता'. या एका शब्दाने मला वर्षभर छळलं. त्याचा अर्थ 'झालं'. पण 'छान झालं' असाही होतो, 'पुरे झालं' असाही, 'राहू दे' असाही आणि 'नीघ आता' असाही. बाई चारही अर्थांनी एकाच सुरात म्हणायच्या. निबंध परत देताना 'द्वेत्ता', मी चहा आणू का विचारलं तर 'द्वेत्ता', खुर्ची एकदा भर वर्गात रडला तेव्हाही 'द्वेत्ता'. तो आणखी रडायला लागला. तास संपल्यावर जिन्यात त्याच बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत "यू'ल बी ऑल राइट, मी डक" म्हणत होत्या, आणि तो बावचळून त्यांच्याकडे बघत होता.

मी राहायचे एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे. काकू हॉस्पिटलमध्ये भूल द्यायच्या, त्यामुळे की काय, समोरच्याला जागं ठेवायची त्यांना घरी फार हौस होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोरियन शिकायला यूकेला? अगं, कोरियाला का नाही गेलीस?"

हा प्रश्न मला पुण्यात विचारून झाला होता, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारून झाला होता.  तिकडे अर्ज केला तो नाकारला गेला, इकडे भाषांतराच्या कोर्सला प्रवेश मिळाला, एवढंच. पण असं सांगितलं की लोकांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय.

काकूंची मुलगी तिथेच जन्मलेली, शाळेतली. ती माझी हकिगत मन लावून ऐकायची आणि विचारायची, "पण तो बाई तुला लाइक करतो की नाही?"

मी म्हणायचे, "माहीत नाही गं."

एकदा बेलग्रेव्ह रोडवरच्या भाजीच्या दुकानात बाई दिसल्या. पिवळं जॅकेट घालून मुळे निवडत होत्या. एकेक मुळा हातात घेऊन टिचकी मारायच्या, कानाशी न्यायच्या, नाकारायच्या. दुकानदार गुजराती आजोबा काही न बोलता बघत होते, म्हणजे हे नेहमीचं असावं. मी पुढे होऊन कमरेत वाकून, सगळ्या शेपटांसकट, अगदी आदरार्थी कोरियनमध्ये नमस्कार केला. बाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय.

"नॉट इन हिअर, डक," त्या हळूच म्हणाल्या. "इथे मी कोरियन नसते." आणि निवडलेल्यातला एक जाडजूड मुळा माझ्या पिशवीत घातला.

जॅकेटचं कोडं खुर्चीने सोडवलं. ते बाईंच्या नवऱ्याचं. तो लेस्टरचाच, बस चालवायचा, काही वर्षांपूर्वी गेला. त्याच्यासाठी बाई तरुणपणी देश सोडून आल्या होत्या. दर महिन्याला एक तास त्या आमचा बसमध्ये घ्यायच्या. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसवायच्या आणि रस्त्यावर जे दिसेल ते कोरियनमध्ये सांगायला लावायच्या. उतरताना ड्रायव्हरने ब्रेक कसे मारले, वळण कुठे जरा घाईत घेतलं, हे त्याला इंग्रजीत इतक्या मायेने सांगायच्या की तोही ऐकून घ्यायचा.

पहिल्या सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. समोर बाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. मी न अडखळता बोलले. एकही 'च्च' आला नाही, म्हणून मीच घाबरले. शेवटी परीक्षक बाहेर गेले, बाई सामान आवरून उठल्या आणि दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "योक-प्वात्ता."

हा शब्द आम्हाला शिकवलेला नव्हता. घरी येऊन शब्दकोश उघडला. 'योक' म्हणजे शिवी, अपमान. 'प्वात्ता' म्हणजे पाहिलं. अपमान पाहिलास. मी कॉटवर बसून राहिले. काकू ड्यूटीवरून आल्या तर मी दिवाही लावला नव्हता.

"अगं, निकाल लागला का?"

"नाही. पण बाई म्हणाल्या की माझी नाचक्की झाली."

"असं तोंडावर बोलतात? धिस इज नॉट ऑन. कंप्लेंट कर तू. सरळ डिपार्टमेंटला ईमेल टाक."

मी तक्रार केली नाही. कशाची करणार? नंतर निकाल लागला तर मला मार्कही चांगले पडले होते. ते बघून तर मी आणखीच गोंधळले.

त्यानंतर काही दिवसांनी तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. "साग्वा, रविवारी सकाळी माझ्या घरी ये. प्रात्यक्षिक आहे. फोनवर बोलायचं."

"सगळ्यांनी?"

"तू."

काकूंना हे अजिबात पटलं नाही. "रविवारी? घरी? ऑफिशियल आहे का हे?" पण मी गेले. नाही म्हणण्याची क्रियापदं मला येत होती, धीर होत नव्हता.

बाईंचं घर म्हणजे एका रांगेतल्या सारख्याच विटांच्या घरांपैकी एक. स्वयंपाकघरात टेबलावर जुना तारेचा फोन. बाईंनी मला बसवलं आणि सूचना दिल्या. पलीकडे एक आजी असतील, कोरियातल्या पुसानला राहणाऱ्या. सांगायचं, मी विद्यार्थिनी आहे, बोलण्याचा सराव करायचाय. त्यांचे गुडघे कसे आहेत ते विचारायचं. बाजारात स्वतः जातात का ते विचारायचं. घरामागची भिंत पावसात पडली होती, ती बांधली का ते विचारायचं.

"तुमचं नाव सांगू?"

"च्च."

मग त्यांनी कुठेही न बघता तो लांबलचक नंबर फिरवला, फोनचा स्पीकर चालू केला आणि स्वतः ओट्याशी पाठ करून मुळा चिरायला लागल्या.

"मला काही विकत घ्यायचं नाही," पलीकडून आवाज आला. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता. तिकडे संध्याकाळ असणार.

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. आजी ऐकत राहिल्या. "कुठून बोलतेस?"

"इंग्लंडहून."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "इंग्रज आहेस?"

"नाही, भारतीय."

"मग इंग्लंडात बसून कोरियन कशाला शिकतेस?"

हसावं की रडावं मला कळेना. मी म्हटलं, "मलाही नीट माहीत नाही." त्यावर आजी खदखदून हसल्या, आणि आमचं जमलं.

दर रविवारी हे सुरू झालं. आजी पुसानच्या बोलीत बोलायच्या. वर्गातली राजधानीची स्वच्छ कोरियन आणि ही, यांत पुणेरी आणि मालवणीएवढं अंतर. निम्मं डोक्यावरून जायचं. तरी कळलं ते असं : गुडघे गेलेत, बाजारात जातात पण मासळीवाली लबाड आहे, भिंत बांधली पण वाकडी. बाई चकार शब्द बोलायच्या नाहीत. माझी क्रियापदं चुकली तरी फोनच्या वेळी 'च्च' यायचा नाही, फक्त सुरी थांबायची. फोन ठेवला की मला वाटीभर काहीतरी तिखट खायला घालायच्या. हे प्रात्यक्षिक कुठल्या पेपराचं, हे विचारायचं मी दर वेळी ठरवायचे आणि राहून जायचं. पहिल्यांदा वाटलं, वृद्धांशी बोलण्याचा काही उपक्रम असेल. पण भिंत पडल्याचं उपक्रमवाल्यांना कसं कळेल?

एका रविवारी निरोप घेताना आजी म्हणाल्या, "चल, ठेव आता. योक-प्वात्ता."

मी घाईने विचारलं, "आजी, माझं काही चुकलं का?"

"का गं?"

"तुम्ही म्हणालात, अपमान पाहिलास."

आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांच्याकडे कुणी राबून आलं, कष्ट केले, की असं म्हणतात. 'फार केलंस हो' म्हणतात तसं. "तुमच्या पुस्तकात नसायचं ते. आमच्याकडचीच माणसं बोलतात."

आमच्याकडचीच माणसं. मी ओट्याकडे पाहिलं. बाईंची सुरी थांबली होती. म्हणजे त्या दिवशी दारात बाईंनी माझं कौतुक केलं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून त्यांच्या गावच्या बोलीत निसटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याआधी मनात भलतंच आलं. दोघी एकाच गावच्या. ओळखतात एकमेकींना. मग मी कशाला मध्ये?

मी विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही.

पुढे एकदा आजी स्वयंपाकाच्या गडबडीत होत्या. परवा आईचं श्राद्ध, म्हणाल्या. मासे तळायचे, भात, सूप, सगळं एकटीने. मला बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "तुमची आई कधी मेली?"

कोरियनमध्ये मोठी माणसं मरत नाहीत, परत जातात. मला हे माहीत होतं, परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं. तरी तोंडातून 'मेली' गेलं.

आणि माझ्यामागून खणखणीत आवाज आला : "च्च!"

बाईंनी लगेच ओला हात तोंडावर दाबला. पण आवाज गेला तो गेलाच.  पलीकडून तेलाचा चुरचुराट तेवढा ऐकू येत होता. मग आजींनी शेगडी बंद केली असावी, कारण तोही थांबला.

"असं आमची आई करायची," आजी म्हणाल्या. "अगदी असंच."

मग त्या मला म्हणाल्या,

"तुझ्या बाजूला बसलीय तिला विचार, जेवलीस का."

'जेवलीस का' त्यांनी अगदी साध्या, अरे-तुरेच्या रूपात म्हटलं. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. मी वळून पाहिलं. बाई स्वयंपाकघरात नव्हत्या. मागचं दार उघडं होतं, आणि त्या बारीक पावसात कचऱ्याच्या हिरव्या डब्याशेजारी, जॅकेट न घालता उभ्या होत्या.

"काय म्हणाली?" आजी विचारत होत्या.

"त्या बागेत गेल्यात."

"लहानपणीही हेच करायची. जा, विचारून ये."

मी बाहेर गेले. इंग्रजीत बोलावं की कोरियनमध्ये, काही सुचेना. शेवटी कोरियनमध्ये म्हटलं, "तुमची मोठी बहीण विचारते, जेवलात का."

"विचारतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या चष्म्यावर पाणी होतं, पावसाचं असेल. "मोठी आहे ती. विचारतात म्हण."

"विचारतात."

"सांग, जेवले."

मी आत येऊन सांगितलं. आजींनी नाकातून हवा सोडली. "खोटं. तिथे आता सकाळचे दहा वाजलेत. तिला सांग, तिथे किती वाजलेत ते मला इतकी वर्षं रोज माहीत असतं."

हा निरोप घेऊन मी पुन्हा बागेत गेले. तो बरोबर सांगितला की नाही मला शंका आहे, कारण त्यात तीन तऱ्हेच्या क्रियापदांची गरज होती. बाईंनी चूक काढली नाही. त्या आत गेल्या, फोनपाशी उभ्या राहिल्या, रिसीव्हर हातात घेतला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी तो कानाला लावला आणि नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडून आजी बोलत असाव्यात किंवा नसाव्यात. मी माझी छत्री घेतली आणि बाहेर पडले.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "आईच्या फ्युनरलला गेली नसणार ती," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला. "माझे बाबा गेले तेव्हा मी ऑन कॉल होते. तिकीट मिळालं ते तिसऱ्या दिवसाचं." मग उठून त्यांनी कुकर लावला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात मला सांगितलं, "रविवारी नको."

"प्रात्यक्षिक झालं?"

"द्वेत्ता."

कुठल्या अर्थाने, ते विचारायची सोय नव्हती. वर्गात पूर्वीसारखंच 'च्च' चालू राहिलं, बसची फेरीही झाली. मला मात्र रविवारी सकाळी करायला काही उरलं नाही. मी आजींना टाळतेय असं वाटायचं, आणि आपण नक्की कुणाचं कोण होतो हे ठरवता यायचं नाही. उन्हाळ्यात निकाल घ्यायला गेले तर बाईंच्या खोलीला कुलूप होतं. ऑफिसमधली मुलगी म्हणाली, त्या रिटायर झाल्या, कोरियाला गेल्या बहुतेक. निरोप? निरोप काही नव्हता.

मला लंडनजवळ मेडनहेडला नोकरी लागली. एका कंपनीत कोरियन यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत आणायची. यंत्रांना आदरार्थी क्रियापद लागत नाही, त्यामुळे काम सोपं होतं. एका रविवारी मी पोहे करत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"फोन का करत नाहीस?" आजी ओरडल्या.

मी गॅस बंद केला. "आजी? माझा नंबर कुणी दिला?"

"हिने दिला. इथेच आहे. महिना झाला येऊन. बोलत नाही माझ्याशी. सकाळी उठते, अंगण झाडते, त्या वाकड्या भिंतीकडे बघत बसते. मीही कशाला बोलू? मी मोठी आहे. म्हणून म्हटलं, तुला लावावा. फोन मध्ये ठेवलाय. बोल."

"मी काय बोलू?"

"नेहमीचं विचार."

मी घसा साफ केला आणि बावळटासारखं विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"सुजलेत. सुजणार नाहीत तर काय? सूप इतकं खारट केलंय काल, की मिठानेच सुजले."

लांबून एक आवाज आला, "मीठ तूच टाकलंस."

तो बाईंचा आवाज होता, पण मी ओळखला नाही. म्हणजे ओळखला, पण हे बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. वर्गातली ती कडक कोरियन नव्हती, जिन्यातली मऊ इंग्रजी नव्हती. भरभर, फटफट, पुसानच्या बोलीत, एकही शेपूट धड न लावता बोलणारी ही कुणी तिसरीच बाई होती.

"मी टाकलं?"

"मग काय मी? मी चाखायच्या आत तू..."

"तुला कधीपासून सूप कळायला लागलं? तिकडे काय खायचीस तू, पाव?"

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. मला मीठ कळलं, आई कळलं, बस कळलं, बाकी काही कळेना. कुणी हसतंय की रडतंय तेही कळेना, कारण भांडीही वाजत होती. फोन ठेवावा की काही बोलावं, या विचारात मी पोह्यांची कढई हातात धरून उभी राहिले. मध्येच आवाज थांबले. कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं, आणि दोघीही उत्तराची वाट बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

त्यावर पलीकडे परत जोरात सुरू झालं. कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.